तापलेली मोटर रिकामी जोरात का पळते?

या अंकातला विज्ञानाचा पाठ आमच्याच एका चुकीतून निघाला आहे. चूक वहीत झाली, तीही लाल शाईने झाली, म्हणून तिची दुरुस्ती छापूनच व्हावी असे आम्हाला वाटले.

गेल्या हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत नववीच्या दोन मुलींनी एक साधा प्रयोग घेतला होता. मोडक्या खेळण्यातली एक लहान मोटर, प्रयोगशाळेतल्या वीजपुरवठ्याचे ठरलेले ६ व्होल्ट, मोटरीच्या दांड्यावर पुठ्ठ्याची चकती, चकतीवर चमकती पट्टी आणि फेरे मोजायला टॅकोमीटर. टॅकोमीटर एकीच्या वडिलांनी दिला होता. त्यांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. आपल्या माळव्यात डिसेंबरातली सकाळ बोचरी असते आणि दुपारी गच्चीवर पत्रा चांगला तापतो, त्याचा मुलींनी उपयोग करून घेतला. सकाळी थंड खोलीत फेरे मोजले. मग तीच मोटर तासभर उन्हात पत्र्यावर ठेवली, खाली आणली आणि तेवढ्याच व्होल्टवर पुन्हा मोजले. गरम मोटरीचे फेरे जास्त भरले. शेकडा चार-पाचच, पण जास्त.

आम्ही वही तपासली आणि शेजारी लिहिले: ‘नोंद तपासावी. मोटर तापल्यावर मंदावते.’ मुलींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा केले, तिसऱ्या दिवशी पुन्हा केले. चौथ्या दिवशी वहीत दुपारचा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा कमी होता, आणि त्याच्याखाली पांढऱ्या शाईचा ठिपका होता. आम्ही बरोबरची खूण केली.

पालकसभेच्या दिवशी वडिलांनी ती वही चाळली आणि विचारले, ‘‘सर, हा आकडा खोडला का? तिसऱ्या दिवशी मी स्वतः उभा होतो, काटा वरच गेला होता. मलाही पटलं नव्हतं, पण गेला होता.’’ टॅकोमीटर डिजिटल होता, काटा नव्हता, पण मुद्दा बिनतोड होता. त्या संध्याकाळी आम्ही विज्ञान विभागाचे सगळे शिक्षक कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तासाभरात कळले की मुलींचा आकडा बरोबर होता आणि आमची लाल शाई चुकीची होती. गंमत अशी की रिवाइंडिंगच्या दुकानातला वीस वर्षांचा अनुभव, ‘तापलेली मोटर ढिली पडते’, हाही बरोबरच होता. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हेच या पाठात पाहायचे आहे.

मोटर स्वतःला कशी आवरते

खेळण्यातली मोटर उघडून पाहा. पत्र्याच्या डबीच्या आतल्या बाजूला दोन काळपट, वाकडे, ठिसूळ तुकडे चिकटवलेले असतात. ती फेराइटची चुंबके. मधे फिरणाऱ्या दांड्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी, त्यांना वीज पोचवणारे दोन ब्रश. तारेतून विद्युतधारा गेली की चुंबकीय क्षेत्रात तिच्यावर बल लागते आणि दांडा फिरतो. इतके तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकला आहात.

पण मग ती फिरत फिरत वेग वाढवतच का जात नाही? सहा व्होल्टवर एका ठरावीक वेगाला येऊन का थांबते? घर्षण म्हणाल तर ते अगदी थोडे. खरे कारण दुसरे आहे. वेटोळे चुंबकीय क्षेत्रात फिरले की त्यात वीज निर्माण होते, मग ते वेटोळे कोणी फिरवले याच्याशी क्षेत्राला देणेघेणे नसते. सायकलच्या डायनामोत चाक फिरवते, इथे मोटर स्वतःच फिरते. म्हणजे प्रत्येक मोटर चालताचालता जनित्रही असते, आणि तिच्यात तयार होणारे व्होल्टेज बाहेरून दिलेल्या व्होल्टेजच्या उलट दिशेने उभे राहते. दुकानात याला ‘बॅक ईएमएफ’ म्हणतात. आपण ‘उलट व्होल्टेज’ म्हणू. वेग वाढला की उलट व्होल्टेज वाढते. ते बाहेरच्या व्होल्टेजच्या जवळजवळ बरोबरीला आले की तारेतून जेमतेम घर्षणापुरती धारा वाहते आणि वेग तिथेच स्थिरावतो.

यावरून एक उपयोगी आकडा मिळतो. एक व्होल्ट उलट व्होल्टेज तयार होण्यासाठी मोटरीला मिनिटाला किती फेरे घ्यावे लागतात, तो तिचा गती-स्थिरांक. ड्रोन आणि खेळण्यातली विमाने करणारी मुले याला ‘केव्ही’ म्हणतात. हे केव्ही म्हणजे विजेच्या तारांवरचे किलोव्होल्ट नव्हेत, एवढे लक्षात ठेवा. मोटरीवर ५०० केव्ही असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ दर व्होल्टला मिनिटाला ५०० फेरे. बारा व्होल्ट दिले, भार काही नसला आणि घर्षण सोडून दिले, तर ६००० फेरे.

‘स्थिरांक’ हे नाव वाचून आमची फसगत झाली, हे कबूल करतो. स्थिरांक म्हटले की तो हलत नाही असे मनात बसते. पण हा आकडा चुंबकाच्या जोरावर उभा आहे, आणि चुंबकाचा जोर तापमानावर.

रहाटाची गाडगी

रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. माळेला गाडगी बांधलेली असतात. पन्हाळीत दर मिनिटाला ठरावीक पाणी पडायलाच हवे असेल आणि कोणी मोठी गाडगी काढून लहान बांधली, तर रहाट जास्त वेगाने फिरवावा लागेल. मोटरीतही तसेच आहे. उलट व्होल्टेज बाहेरच्या व्होल्टेजपर्यंत भरायचे आहे. चुंबक जोरदार असले तर एका फेऱ्यात पुष्कळ व्होल्टेज मिळते, थोड्या फेऱ्यांत काम भागते. चुंबक कमजोर झाले की गाडगी लहान झाली. तेवढेच व्होल्टेज भरायला जास्त फेरे लागतात.

म्हणून चुंबक कमजोर झाले की मोटर रिकामी असताना जोरात पळते. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. आम्हालाही वाटले.

आता तापमान. चुंबकाच्या आतल्या अणूंची मांडणी एका दिशेला रांगेत असते म्हणून तो चुंबक. उष्णता वाढली की अणू जास्त थरथरतात आणि रांग थोडी विस्कटते. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे असे एक तापमान असते, त्याला क्युरी तापमान म्हणतात, की तिथे ही रांग पूर्ण मोडते. फेराइटसाठी ते साधारण ४५० अंश सेल्सिअस आहे. पण तिथपर्यंत जाण्याची गरज नाही. रोजच्या तापमानातही दर अंशाला थोडा थोडा जोर उतरत असतो. फेराइटचा उतार दर अंशाला सुमारे ०.२ टक्के. नियोडिमियम चुंबकाचा सुमारे ०.११ ते ०.१२ टक्के. समेरियम-कोबाल्टचा त्याहूनही बराच कमी, सुमारे ०.०३ ते ०.०५ टक्के. आणि जुन्या मीटरांत असणाऱ्या अल्निकोचा सर्वांत कमी, ०.०२ टक्क्यांच्या आसपास.

मुलींच्या मोटरीत फेराइट होते. सकाळ-दुपारचा फरक २५ अंशांचा धरला तर २५ गुणिले ०.२, म्हणजे ५ टक्के. चुंबकाचा जोर ५ टक्के उतरला की गती-स्थिरांक ५ टक्क्यांहून किंचित जास्त चढणार. वहीतली पहिली नोंद काय होती ते वर लिहिलेच आहे. एक बारीक गोष्ट मात्र खरी की गरमीत दांड्याच्या टोकांचे वंगण पातळ होते, त्यानेही रिकामे फेरे थोडे वाढतात. तो वाटा वेगळा कसा काढायचा ते पुढे येईल.

मग दुकानातला अनुभव खोटा का?

नाही. दुकानात मोटर रिकामी नसते. तिच्यावर पंप असतो, पट्टा असतो, चाक असते. आणि भार आला की आणखी दोन गोष्टी खेळात उतरतात.

पहिली, टॉर्क. एक अँपिअर धारेमागे मोटर किती पीळ देते, हा तिचा टॉर्क-स्थिरांक. हा गती-स्थिरांकाचा सख्खा भाऊ आहे, पण उलट्या स्वभावाचा. दोघांचा गुणाकार कुठल्याही अशा मोटरीत तोच येतो: मिनिटाला फेरे दर व्होल्ट गुणिले न्यूटन-मीटर दर अँपिअर, उत्तर ९.५५. हा आकडा ६० भागिले दोन पाय एवढाच आहे, मिनिटांचे सेकंद आणि फेऱ्यांचे कोन करताना आलेला. एक वाढला की दुसरा कमी झालाच पाहिजे. उलट व्होल्टेज गुणिले धारा ही जेवढी विद्युतशक्ती, तेवढीच दांड्यावर यांत्रिक शक्ती होऊन निघते, फुकट काही मिळत नाही, म्हणून हे असे आहे. तेव्हा तापलेली मोटर दर व्होल्टला जास्त फेरे देऊ लागली, तर दर अँपिअरला पीळ कमी देणार. तेवढाच पीळ हवा असेल तर जास्त धारा ओढणार.

दुसरी गोष्ट तांब्याची. तांब्याच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो, २० अंशांपासून दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. चुंबकाच्या उतारापेक्षा ही चढण मोठी आहे. जास्त धारा, त्यात जास्त रोध, म्हणजे तारेतच जास्त व्होल्टेज खाल्ले जाणार आणि फेऱ्यांसाठी कमी उरणार.

आता हिशेब मांडू. दहावीच्या विद्यार्थ्यांनी पेन्सिल घ्यावी. एक मोटर कल्पू: फेराइट चुंबके, १२ व्होल्ट, २० अंशांना गती-स्थिरांक ५००, तारेचा रोध १ ओहम. टॉर्क-स्थिरांक झाला ९.५५ भागिले ५००, म्हणजे ०.०१९१. घर्षण सोडून देऊ. आता हीच मोटर आतून बाहेरून ८० अंशांना तापली असे धरू. फरक ६० अंश. चुंबकाचा जोर १२ टक्के उतरला, तेव्हा गती-स्थिरांक ५०० भागिले ०.८८, म्हणजे ५६८. टॉर्क-स्थिरांक ०.०१६८. रोध १.२३४ ओहम.

रिकामी असताना: थंडीत ६०००, तापल्यावर सुमारे ६८२०. आठशे फेरे जास्त.

थोडा भार द्या, थंडीत २ अँपिअर लागतील इतका. थंड मोटरीत तारेने २ व्होल्ट खाल्ले, उरले १०, फेरे ५०००. तापलेल्या मोटरीला त्याच पिळासाठी २.२७ अँपिअर लागतील. तारेने खाल्ले सुमारे २.८ व्होल्ट, उरले ९.२, गुणिले ५६८, फेरे सुमारे ५२२०. अजूनही तापलेलीच पुढे! पण तारेत वाया जाणारी शक्ती पाहा. थंडीत ४ वॉट, आता जवळजवळ ६.४ वॉट.

भार वाढवत न्या. थंडीत २.७५ अँपिअर लागतील इतका झाला की दोघींचे फेरे सारखे होतात, सुमारे ४६२५. त्यापुढे पारडे फिरते. थंडीत ६ अँपिअरचा भार ठेवला तर थंड मोटर ३००० फेऱ्यांवर चालते आणि तापलेली २०४० वर घसरते. तारेतली उधळपट्टी ३६ वॉटवरून ५७ वॉटवर जाते. आणि दांडा हाताने धरून पूर्ण अडवला, तर थंड मोटर जेवढा पीळ देते त्याच्या ७१ टक्केच तापलेली देते.

कागदावर दोन सरळ रेषा काढा: आडव्या अक्षावर पीळ, उभ्या अक्षावर फेरे. थंड मोटरीची रेषा खालून सुरू होते पण सावकाश उतरते. तापलेल्या मोटरीची वरून सुरू होते आणि झपाट्याने उतरते. कुठेतरी दोन्ही एकमेकींना छेदतात. मुलींची वही छेदाच्या डाव्या बाजूला होती, वडिलांचे दुकान उजव्या बाजूला. आम्ही लाल शाईने लिहिले ते उजवीकडचे सत्य होते आणि ते डावीकडच्या आकड्यावर लादले होते.

हा आलेख त्या वडिलांना दाखवला तेव्हा त्यांनी बोट नेमके छेदाच्या बिंदूवर ठेवले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे गिऱ्हाईक रिकामी मोटर फिरवून म्हणतं ‘बघा, किती मस्त पळते’, तेव्हा ती मस्त असेलच असं नाही.’’ अगदी बरोबर. चुंबके कमजोर झालेली मोटर बाकावर रिकामी फिरवली तर नव्यापेक्षा जोरात फिरते. तिची परीक्षा भार देऊन आणि धारा मोजूनच करावी. पालकांपैकी कोणी जुनी मोटर विकत घेत असतील तर हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

उधळपट्टीचे आकडे पुन्हा एकदा पाहा. तापली म्हणून जास्त धारा, जास्त धारा म्हणून जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणून आणखी तापणे. भार बेताचा असेल तर हवा उष्णता ओढून नेते आणि गाडे कुठेतरी स्थिरावते. भार जास्त असेल आणि हवा लागत नसेल तर स्थिरावत नाही, आणि मग तो ओळखीचा वास येतो. तो वास तारेवरच्या वार्निशचा. वेष्टनाच्या प्रतीप्रमाणे मोठ्या मोटरींची मर्यादा ठरलेली असते: बी वर्गाला १३० अंश, एफ वर्गाला १५५, एच वर्गाला १८०. कारागिरांचा जुना आडाखा असा की वेष्टन दर दहा अंश जास्त तापले की त्याचे आयुष्य निम्मे होते.

गती-स्थिरांक नेमका कसा मोजावा

मुलींच्या पद्धतीत एक उणीव होती, ती दूर करता येते. रिकाम्या मोटरीत थोडी का होईना धारा वाहते, वंगण पातळ होते, रोधही बदलतो. तिन्हींची सरमिसळ होते. त्याऐवजी मोटरीला वीज देऊच नका. तिलाच जनित्र करा.

एक दुसरी मोटर किंवा कार्यशाळेतले हातातले ड्रिल घ्या. आपल्या मोटरीचा दांडा तिच्या दांड्याला सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्याने जोडा. ठरावीक फेऱ्यांवर फिरवा, फेरे टॅकोमीटरने मोजत राहा. आपल्या मोटरीच्या दोन तारा मल्टिमीटरला जोडा आणि डीसी व्होल्ट वाचा. मल्टिमीटर जवळजवळ धारा ओढत नाही, म्हणून तांब्याच्या रोधाचा प्रश्नच उरत नाही. घर्षणाचे काम फिरवणारा करतो, त्याचाही प्रश्न नाही. उरतो तो फक्त चुंबकाचा जोर. फेरे भागिले व्होल्ट, झाला गती-स्थिरांक. मोटर थंड असताना २ व्होल्ट मिळाले असतील आणि फेराइट चुंबके ४० अंशांनी तापवली असतील, तर तेवढ्याच फेऱ्यांना सुमारे १.८४ व्होल्ट मिळावेत.

तापवण्यासाठी ज्योत वापरायची नाही. मोटर प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत घालून गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवा. ६० अंशांच्या वर जायचे नाही आणि हे काम शिक्षकांसमोरच करायचे. अर्धा तास यासाठी की चुंबक आतपर्यंत तापले पाहिजे. इथे एक मजेदार गोष्ट दिसते. पाण्याऐवजी मोटर भाराखाली चालवूनच तापवली तर आधी आतली तांब्याची तार तापते, डबीला चिकटलेली चुंबके मागाहून. म्हणून पहिल्या काही मिनिटांत फेरे उतरतात, आणि नंतर चुंबके तापू लागली की हलक्या भारावर ते पुन्हा चढू लागतात. घाईने एकच नोंद घेणाऱ्याला दोनपैकी एकच गोष्ट दिसेल, आणि कोणती दिसेल ते त्याच्या घड्याळावर ठरेल.

घरातल्या कोणत्या मोटरींना हे लागू

सगळ्या मोटरींना नाही. जुना छताचा पंखा, कूलरचा पंखा, पाण्याचा पंप यांत बहुधा इंडक्शन मोटर असते. तिच्यात कायमचे चुंबक नसतेच. तिचा वेग ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर बांधलेला असतो. चार ध्रुवांच्या मोटरीचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटर त्याच्या थोडी मागे राहते, म्हणून पाटीवर १४४० सारखा आकडा दिसतो. तापली की ती किंचित आणखी मागे पडते. तिच्याबाबतीत दुकानातला अनुभव सरसकट खरा. मिक्सरमध्येही चुंबक नाही, तिथे वेटोळ्यांनीच क्षेत्र तयार होते, त्याचा हिशेब वेगळा आहे.

पण कायमचे चुंबक असलेल्या मोटरी आता घरोघर शिरल्या आहेत. वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे, संगणकातले छोटे पंखे, विजेच्या बहुतेक स्कूटरांच्या मोटरी. पंख्यात नियंत्रक वेग धरून ठेवतो, म्हणून फरक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. विजेच्या स्कूटरवरून घाट चढताना भर उन्हात जोर कमी पडल्यासारखा वाटतो, तेव्हा पुष्कळदा मोटर आणि बॅटरी वाचवण्यासाठी नियंत्रकानेच धारा आवरती घेतलेली असते. पालकांनी त्याला बिघाड समजू नये. थोडे थांबावे, निवू द्यावे.

या वाहनांमध्ये नियोडिमियमची चुंबके असतात, आणि त्यांची कथा वेगळी आहे. लोह, नियोडिमियम आणि बोरॉन यांचा हा चुंबक १९८३च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे तयार केला. सागावा यांना त्यासाठी २०२२ साली अभियांत्रिकीचे क्वीन एलिझाबेथ पारितोषिक मिळाले. जोराने फेराइटच्या कितीतरी पुढे, पण उष्णतेला नाजूक. त्याचे क्युरी तापमान ३१० अंशांच्या आसपासच, आणि साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांपुढे वापरायचा नाही असा निर्माते नियम घालतात. त्यापुढे गेल्यास जो जोर उतरतो तो निवल्यावर पूर्ण परत येईलच असे नाही. मुलींच्या फेराइट मोटरीचा संध्याकाळी आकडा पुन्हा सकाळच्या जागी येत होता. इथे तो येणार नाही, गती-स्थिरांक कायमचा चढलेला राहील आणि मोटर कायमची अशक्त होईल.

यावर उपाय म्हणून या चुंबकात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम थोडे मिसळतात. ही मूलद्रव्ये आवर्तसारणीत खालच्या वेगळ्या ओळीत असतात. ती ओळ वर्गात आम्ही बहुधा ‘हे परीक्षेला नाही’ म्हणून सोडून देतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते. काही आठवड्यांतच भारतातल्या वाहन कारखान्यांना चुंबकांची टंचाई जाणवू लागली, पुण्याच्या बजाज ऑटोनेही विजेच्या वाहनांचे उत्पादन घटेल असे जाहीर केले. उन्हात तापलेल्या मोटरीचा जोर टिकवायला चिमूटभर लागणारे द्रव्य, आणि त्यावाचून कारखाना अडतो! ती ओळ आम्ही यंदा शिकवणार आहोत.

थंडीकडेही एक नजर टाकू. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीत ११ लहान मोटरी होत्या. तिथे रात्री तापमान शून्याखाली ७० अंशांच्याही खाली जाते. हिशेबाने पाहिले तर थंडीत चुंबके जोरदार, तारेचा रोध कमी, गती-स्थिरांक उतरलेला, पीळ चढलेला. मोटरीची चांदीच! पण वंगण गोठायला येते, आणि मिळालेला जास्तीचा पीळ ते ढवळण्यातच जातो. फेराइटला तर थंडी वेगळ्याच तऱ्हेने बाधते. तो जोरदार होतो खरा, पण बाहेरच्या विरुद्ध क्षेत्रापुढे टिकण्याची त्याची ताकद थंडीत कमी होते. कडाक्याच्या थंडीत एकदम मोठी धारा दिली तर फेराइटचा चुंबक कायमचा कमजोर होऊ शकतो. नियोडिमियमचे याच्या उलट, त्याला भीती उष्णतेत.

आता उरली ती वही. मुलींना आम्ही ती परत दिली आणि खोडलेले तीन दिवसांचे आकडे पुन्हा लिहायला सांगितले. दोन दिवसांचे त्यांच्या कच्च्या वहीत होते. तिसऱ्या दिवसाचा मात्र कुठेच राहिला नाही, म्हणून ती जागा त्यांनी रिकामी ठेवली आणि समोर लिहिले, ‘नोंद नष्ट झाली.’ कारण लिहिले नाही. ते आम्ही खाली लाल शाईने लिहिले आहे.

येत्या सत्रात नववी आणि दहावीच्या प्रत्येक गटाने जनित्राच्या पद्धतीने दोन तापमानांना गती-स्थिरांक काढायचा आहे. प्रयोगशाळेत मल्टिमीटर पुरेसे आहेत, टॅकोमीटर नाही. दोन टॅकोमीटर आणि चार तापमापकांसाठी आम्ही विश्वस्त मंडळाकडे अर्ज दिला आहे. तोपर्यंत रिवाइंडिंगच्या दुकानातला टॅकोमीटर दर शनिवारी शाळेत आणून द्यायचे त्या पालकांनी कबूल केले आहे. मोडकी खेळणी, बंद पडलेले कॅसेट प्लेअर, जुने संगणकाचे पंखे घरी पडले असतील तर मुलांबरोबर पाठवावेत. फेराइटची मोटर कोणती आणि नियोडिमियमची कोणती हे ओळखून वेगळे ठेवण्याचे काम आठवीकडे दिले आहे. कच्च्या वहीतले पान कोणीही फाडायचे नाही.